फुगणाऱ्या फोमचे डोंगर : लघुदेखाव्यांच्या ओतकामातील प्रयोग

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात माती, विटा आणि गोणपाट यांचा किल्ला उभारायचा, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची आणि बुरुजांवर मातीचे मावळे मांडायचे, हा महाराष्ट्रातील मुलांचा पिढ्यान् पिढ्यांचा छंद आहे. हा किल्ला काही दिवसांचा असतो. सण सरला की माती पुन्हा मातीत मिसळते. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी आदी देशांत मात्र अशाच लघुदेखाव्यांचा छंद प्रौढ माणसे वर्षभर जोपासतात. त्यांचे डोंगर, कडे व भग्न वास्तू अनेक वर्षे टिकाव्या लागतात. त्या मेजावर मांडाव्या लागतात, उचलून प्रदर्शनाला न्याव्या लागतात आणि पुन्हा कपाटात ठेवाव्या लागतात. टिकाऊपणा आणि हलकेपणा या दोन्ही गरजा एकाच वेळी भागविणाऱ्या द्रव्याच्या शोधातून हे छंदिष्ट फुगणाऱ्या पॉलियुरेथेन फोमकडे वळले. या द्रव्याचे गुणधर्म, साच्यात ओतताना येणाऱ्या अडचणी, त्यावरील उपाय आणि घ्यावयाची काळजी यांचा हा परिचय.

छंदाची पार्श्वभूमी

खेळण्यातल्या सैनिकांना घेऊन नियमबद्ध लढाया खेळण्याच्या प्रथेला इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने चालना दिली. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये 'वॉरहॅमर' हे खेळ आले आणि सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तींसाठी टेकड्या, खडक व भिंती तयार करणे हा एक स्वतंत्र छंदच बनला. दुसरी शाखा लघुरेल्वेची. तिच्यातील सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे होय. या प्रमाणात १०० मीटर उंचीचा कडा दाखवायचा झाल्यास तो १ मीटर १५ सेंटिमीटर इतका उंच करावा लागतो.

एवढा कडा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरीव बनविला तर तो हलविणे अशक्य होते. म्हणून अमेरिकेतील 'मॉडेल रेलरोडर' या मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी पोकळ सांगाड्यावर प्लास्टरचे पातळ, कठीण कवच चढविण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. खडकांचे बारकावे मात्र रबरी साच्यांत प्लास्टर ओतूनच मिळविले जात. त्याच साच्यांत प्लास्टरऐवजी फोम ओतण्याची कल्पना यातून पुढे आली. अमेरिकेत 'माउंटन्स इन मिनिट्स' या नावाने खडकांचे लवचिक साचे आणि दोन घटकांचा फोम हौशी कारागिरांसाठी विकला जात असे.

वजनातील फरकाचा अंदाज एका साध्या हिशेबावरून येईल. ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच अशा ठोकळ्याचे घनफळ ६ लिटर भरते. वाळलेल्या प्लास्टरचा असा भरीव ठोकळा सहा किलोहून अधिक वजनाचा होतो. घनमीटरला १२८ किलो घनतेच्या फोमचा तेवढाच ठोकळा पाऊण किलोच्या आसपास भरतो.

बुडबुड्याची किमया

पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली विकसित केले. आरंभीच्या नमुन्यांत नको असलेले बुडबुडे निर्माण होत. हा पदार्थ फार तर नकली स्विस चीज बनविण्यास उपयोगी पडेल, असा शेरा एका नमुन्यावर मारला गेल्याचा किस्सा सांगितला जातो. पुढे याच दोषातून फोम हे उत्पादन उभे राहिले आणि गाद्या, शीतकपाटे, वाहनांची आसने अशा असंख्य ठिकाणी पोहोचले.

या बुडबुड्यांचे कारण समजून घेणे ओतकामासाठी आवश्यक आहे. आयसोसायनेट व पॉलिऑल या दोन गटांतील द्रव्यांचा संयोग झाला की पॉलियुरेथेन तयार होते. आयसोसायनेटचा पाण्याशी संबंध आला की मात्र कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि तो घट्ट होत चाललेल्या द्रवात अडकून राहतो. १८ ग्रॅम पाण्यापासून तत्त्वतः सुमारे २४ लिटर वायू निर्माण होऊ शकतो. म्हणजे एका ग्रॅम पाण्यामागे सव्वा लिटरहून अधिक वायू. साच्याच्या कोपऱ्यात राहून गेलेला पाण्याचा एखादा थेंब ओतीव वस्तूचा चेहरा का बिघडवितो, हे यावरून लक्षात यावे.

डब्यातील फोम साच्यात का फसतो?

या छंदातील बहुतेकांचा पहिला प्रयोग हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या डब्यातील फोमने होतो. दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि भिंत यांमधील फटी बुजविण्यासाठी तो वापरला जातो. तो स्वस्त असतो, सहज मिळतो आणि नळीतून बाहेर पडताच डोळ्यांदेखत फुगतो. साहजिकच तो रबरी साच्यात भरला की हुबेहूब खडक मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात एक-दोन दिवसांनी साचा उघडल्यावर बाहेरून कडक, आतून चिकट आणि मोठमोठ्या पोकळ्यांनी भरलेला गोळा हाती येतो.

यात कारागिराची चूक नसते. डब्यातील फोम एकघटकी असतो. नळीतून बाहेर येताच त्याचा जो फुगवटा दिसतो, तो डब्यात दाबाखाली द्रवरूपात ठेवलेल्या वायूमुळे. त्याचे घट्ट होणे मात्र हवेतील ओलाव्यावर अवलंबून असते. उघड्या फटीत हा ओलावा बाहेरून आत झिरपतो. खोल साच्यात तो वाटच सापडत नाही. वरच्या भागावर कवच धरते आणि तेच कवच आतील द्रव्याला ओलाव्यापासून तोडते. मधला भाग कच्चा राहतो, हळूहळू खचतो आणि साच्याला लागून असलेल्या बाजूस पोकळ्या पडतात.

यावर उपाय म्हणून काही जण फोममध्ये थेट पाणी मिसळून ढवळतात. फोम त्याने लवकर घट्ट होतो खरा; परंतु ढवळण्यात तयार झालेली बुडबुड्यांची रचना मोडते आणि जड, असमान वस्तू मिळते. दोन-तीन सेंटिमीटरचे पातळ थर देणे, प्रत्येक थरावर पाण्याचा हलका फवारा मारणे आणि तो थर पक्का झाल्यावरच पुढचा देणे, ही पद्धत त्यापेक्षा बरी. तरीही बारीक नक्षी यातून उमटत नाही. तेव्हा डब्यातील फोम साच्याबाहेर वापरावा, हे उत्तम. पुठ्ठ्यावर किंवा पातळ लाकडी फळीवर तो ओबडधोबड ढिगांच्या रूपात सोडावा, पूर्ण वाळल्यावर सुरीने कापून टेकडीचा आकार द्यावा आणि वर प्लास्टर किंवा पुट्टीचा हात मारावा. टेकडीचा गाभा म्हणून तो उत्तम काम देतो.

दोन घटकांचा फोम

साच्यातील ओतकामासाठी दोन स्वतंत्र बाटल्यांत मिळणारा फोम वापरावा लागतो. एका बाटलीत आयसोसायनेट असते. दुसऱ्या बाटलीत पॉलिऑल, उत्प्रेरक, बुडबुडे स्थिर ठेवणारे द्रव्य आणि फुगविणारे द्रव्य यांचे मिश्रण असते. घट्ट होण्यासाठी लागणारे सर्व काही मिश्रणातच असल्याने हा फोम हवेच्या ओलाव्यावर विसंबत नाही. बंद साच्याच्या मध्यभागीही तो सारखाच पक्का होतो.

फुगविणाऱ्या द्रव्यांचाही एक इतिहास आहे. ओझोन थराला घातक ठरलेली क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील द्रव्ये पूर्वी यासाठी वापरली जात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती टप्प्याटप्प्याने बाद झाली. त्यांच्या जागी आलेले एचसीएफसी-१४१बी हे द्रव्यही भारताने २०२० च्या आरंभापासून बंद केले.

या फोमची विक्री त्याच्या मुक्त फुगवट्याच्या घनतेनुसार होते. परदेशी उत्पादनांवर ती पाउंड प्रति घनफूट या मापात दिलेली असते. २ पाउंडांचा फोम म्हणजे घनमीटरला सुमारे ३२ किलो, तर ८ पाउंडांचा म्हणजे सुमारे १२८ किलो. हलका फोम अधिक फुगतो. पण त्याच्या कडा बोटाने दबतात. खडकाच्या धारदार कडा, विटांच्या खाचा किंवा भिंतीवरील तडे उमटवायचे असतील तर जड फोमच निवडावा.

साचा आणि माप

फोम जवळपास प्रत्येक पृष्ठभागाला चिकटतो. पॉलिथिन, मेण आणि सिलिकॉन रबर हे त्यातील ठळक अपवाद. म्हणून सिलिकॉनचे साचे सोयीचे ठरतात. मात्र वारंवारच्या संपर्काने आयसोसायनेट सिलिकॉनलाही हळूहळू कोरडे व ठिसूळ बनविते आणि एके दिवशी वस्तू साच्याला घट्ट चिकटून बसते. प्रत्येक खेपेस साच्याला मेणाचा किंवा वंगणाचा पातळ हात देणे त्यामुळे हिताचे. लॅटेक्सच्या साच्यांना तर तो अनिवार्यच आहे. हात जाड झाला तर बारकावे बुजतात, हेही ध्यानात ठेवावे.

फुगताना फोम साच्याच्या भिंतींवर दाब देतो. मऊ रबर या दाबाने बाहेर ढकलले जाते आणि सरळ भिंत पोटाळलेली निघते. साच्याभोवती प्लास्टरची किंवा लाकडी पेटीची आधारचौकट असावी. वर बारीक छिद्रे पाडलेले झाकण ठेवून ते शिकंजाने आवळावे. छिद्रे साच्याच्या सर्वांत उंच भागी असावीत, कारण वर चढणारा फोम हवेला त्याच दिशेने पुढे लोटीत असतो.

साच्याचे घनफळ पाण्याने मोजण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी साचा मोहरीने भरून ती मोहरी मापपात्रात ओतावी. समजा, घनफळ ८०० मिलिलिटर आले आणि फोमची घनता घनमीटरला १२८ किलो आहे. म्हणजे मिलिलिटरला ०.१२८ ग्रॅम. दोहोंचा गुणाकार सुमारे १०२ ग्रॅम येतो. बंद साच्यात कोपरे नीट भरावेत म्हणून त्यात पाचव्या हिश्शाची भर घालावी. अशा रीतीने सुमारे १२३ ग्रॅम मिश्रण लागेल. पेल्याला चिकटून वाया जाणारे थोडे द्रव्य निराळे धरावे. दोन्ही घटकांचे प्रमाण उत्पादकाने वजनात दिले आहे की आकारमानात, हे आधी नीट पाहावे. प्रमाण चुकले तर फोम एक तर चिकट राहतो, नाही तर ठिसूळ होतो.

प्रयोगाची शिस्त

मिश्रण झपाट्याने काम करते. पुष्कळशा फोममध्ये अर्ध्या-एक मिनिटातच रंग फिका होऊन फुगणे सुरू होते. म्हणून साचा, झाकण, शिकंजा व घड्याळ आधीच हाताशी मांडून ठेवावे. प्रथम थोडे मिश्रण जुन्या कुंचल्याने साच्याच्या खाचाखोचांत घासून बसवावे आणि उरलेले एका सलग धारेने सर्वांत खोल भागी ओतावे.

पहिला प्रयोग लहान साच्यात करावा आणि पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमान, मिश्रणाचे वजन, ढवळण्याचा काळ आणि साचा उघडण्याची वेळ यांची वहीत नोंद ठेवावी. थंड साचा फोमची उष्णता शोषून घेतो. भिंतीलगतचा फोम त्यामुळे कमी फुगतो आणि जाड साल धरतो. कोमट साच्यात साल पातळ होते व फोम अधिक पसरतो. थंडीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात एकाच मापाने निरनिराळे फळ का मिळते, याचे उत्तर अशा नोंदींतूनच सापडते. कोकणात व मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत अर्धवट वापरलेल्या बाटल्यांत ओलावा शिरतो आणि आयसोसायनेट गढूळ होऊन निकामी होते. बाटल्या घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि शक्यतो लहान मापाच्याच विकत घ्याव्यात.

सामान्यतः दिसणारे दोष व त्यांची कारणे अशी : पृष्ठभागावर मोठी छिद्रे पडली असल्यास साचा ओला होता किंवा हवा कोंडली होती. वस्तू एक-दोन दिवसांत आक्रसली असल्यास साचा घाईने उघडला गेला किंवा मिश्रण कमी पडले. वस्तूवर चिकट पट्टे उमटल्यास पेल्याच्या तळाशी व कडांना न ढवळलेले द्रव्य राहिले होते. मोठ्या ठोकळ्याचा मध्यभाग तपकिरी पडल्यास आतील उष्णता बाहेर पडू शकली नाही. फोम स्वतःच उष्णतारोधक असल्याने मोठी वस्तू एका दमात न ओतता टप्प्याटप्प्याने ओतणे सुरक्षित.

कवच आणि गाभा

केवळ फोमने कितीही काळजी घेतली तरी प्लास्टरइतका बारकावा मिळत नाही, कारण त्याचा पृष्ठभागही शेवटी बुडबुड्यांचाच बनलेला असतो. अनुभवी कारागीर म्हणून दोन द्रव्यांत काम विभागतात. साच्याच्या आतील बाजूस प्रथम न फुगणाऱ्या रेझिनचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे कवच कुंचल्याने चढवितात आणि ते किंचित चिकट असतानाच मागे फोम भरतात. नक्षी रेझिन उचलते, पोकळी फोम भरून काढतो.

प्लास्टरचे कवच करावयाचे असल्यास त्यात बँडेजचे जाळीदार कापड बसवावे आणि कवच पूर्णपणे वाळू द्यावे. ओल्या प्लास्टरवर फोम ओतला तर सांध्यात वायू धरतो व कवच सुटून येते. वर सांगितलेल्या ६ लिटरच्या ठोकळ्याला तीन मिलिमीटर जाडीचे प्लास्टरचे कवच आणि आत हलका फोम दिल्यास एकूण वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. म्हणजे जड फोमच्या भरीव ठोकळ्याइतक्याच वजनात प्लास्टरचा रेखीव चेहरा मिळतो. ज्या बुडबुड्याने फोमला हलकेपणा दिला, तो पृष्ठभागापासून दूर ठेवणे हेच या साऱ्या कौशल्याचे सार होय.

तयार वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन साच्याचे वंगण काढावे, अन्यथा रंग धरत नाही. पॉलियुरेथेनवर स्प्रे रंग मारता येतो. थर्माकोल मात्र त्यातील द्रावकाने विरघळतो. उन्हात उघडा राहिलेला फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो. वस्तूची खालची बाजूही म्हणून रंगाने झाकावी.

आरोग्याची किंमत

आयसोसायनेट हे नाव ऐकताच भारतीय वाचकाला डिसेंबर १९८४ मधील भोपाळची वायुदुर्घटना आठवेल. तेथे गळती झालेले मिथिल आयसोसायनेट सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळणारे, अत्यंत उडनशील द्रव्य होते. फोममध्ये सामान्यतः वापरले जाणारे एमडीआय हे त्याच कुळातील असले तरी नेहमीच्या तापमानाला फारच कमी प्रमाणात वाफ होणारे आहे. दोहोंची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. तरीही एमडीआय निरुपद्रवी नाही. त्वचेशी किंवा श्वासाशी वारंवार संबंध आल्यास शरीरात त्याची ॲलर्जी निर्माण होऊ शकते आणि एकदा ती जडली की अत्यल्प संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. मग हा छंद कायमचा सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या एमडीआययुक्त उत्पादनांसोबत हातमोजे देणे डिसेंबर २०१० पासून बंधनकारक केले. व्यावसायिक वापरासाठी ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षणाची अटही घातली. घरगुती कारागिराने यापासून बोध घ्यावा. काम उघड्या गच्चीवर किंवा हवा खेळत्या जागी करावे. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. नाकावरील कापडी वा कागदी पट्टी धूळ अडविते, वाफ अडवीत नाही. दमा असलेल्यांनी या कामापासून दूरच राहावे. डब्यातील फोमचा वायू ज्वालाग्राही असतो, त्यामुळे जवळपास शेगडी, समई किंवा सिगारेट पेटलेली नसावी.

थर्माकोल कापण्यासाठी तापलेली तार वापरण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. पॉलियुरेथेनवर ती कदापि वापरू नये. तापल्यावर त्यातून आयसोसायनेट व हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. त्याच कारणाने उरलेले तुकडे जाळू नयेत. सुरी किंवा बारीक दात्यांची करवत वापरावी, घासताना धूळरोधक मास्क लावावा आणि तुकडे पुढच्या टेकडीच्या भरावासाठी साठवून ठेवावेत. हा पदार्थ पुन्हा वितळवून वापरता येत नाही आणि मातीत कुजतही नाही.

या सर्व बाबींचा विचार केला तर फोमची जागा निश्चित करता येते. अनेक वर्षे टिकवावयाचा, वारंवार हलवावा लागणारा आणि एकाच साच्यातून पुनःपुन्हा काढावयाचा देखावा असेल तर दोन घटकांच्या फोमला तोड नाही. एखादीच टेकडी हवी असल्यास पुठ्ठ्याच्या सांगाड्यावरील प्लास्टर अधिक स्वस्त आणि निर्धोक पडते. मुलांच्या हाती मात्र हा फोम मुळीच देऊ नये. त्यांच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी अंगणातील चिखल आणि गोणपाट आजही पुरेसे आहेत.